तिथीची पाऊणपट

आमच्या घरात लॅपटॉप आला तो कौलांच्या पैशांतून. पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घ्यायचे म्हणून आईने बचतगटातून बत्तीस हजार रुपये उचलले होते. नेमके त्याच आठवड्यात भूगोलाच्या बाईंनी प्रकल्पाचे विषय वाटले. आकडे जमवायचे, संगणकावर मांडायचे, आलेख काढायचा. माझा विषय होता 'भरती-ओहोटी'. घरात तीन रात्री ह्या विषयावर खल झाला. वडील फारसे बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "कौलं एक पावसाळा कळ काढतील. घे तू. पन बाय, त्याच्यातनं पोटापान्याचं काय निघतंय का, ते बघ."

आईने नव्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहिले आणि लगेच त्याच्यावर जुनी ताडपत्री पांघरली. कारण मृगाच्या पहिल्याच सरीला घर तीन ठिकाणी गळू लागले होते. एका पातेल्यात टप्, दुसऱ्यात टप्, आणि मधल्या कोरड्या जागेत मी नि माझा लॅपटॉप! महाविद्यालयाच्या संगणककक्षातील दादांनी त्यात लिब्रे ऑफिस घालून दिले. हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि तरीही चोरीचे नसते, ही गोष्ट आईला अजून पटलेली नाही.

पहिला आठवडा मराठी टंकलेखनात गेला. मी इन्स्क्रिप्ट कळफलक निवडला. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, आणि हीच रचना भारतातल्या इतर लिप्यांनाही चालते. प, र, क, त ही अक्षरे बोटांखालीच येतात, त्यामुळे 'पर', 'कर', 'तर' असले शब्द झरझर उमटतात. गाडी अडली ती 'दऱ्या'पाशी. वडील जातात तो दर्या निराळा आणि सह्याद्रीतल्या दऱ्या निराळ्या! दोन्हींतला 'र' वेगळा, म्हणून दऱ्यांतल्या 'र'साठी त्याच कळेबरोबर शिफ्टही दाबावी लागते. मराठीला ह्या दोन 'र'ची गरज आहे हे ज्या कोणी ध्यानात ठेवले त्याला माझा नमस्कार. भाषांतराचे सॉफ्टवेअर मात्र इतके जाणते नव्हते. 'भांगाची भरती' म्हणजे काय, असे मी त्याला विचारले, तर त्याने होळीला पितात ती भांग काढून दिली. अष्टमीच्या सुमारास पाणी बेताचेच चढते, त्याला आमच्याकडे भांग म्हणतात, हे त्याला कोण सांगणार?

आता मुख्य गोष्ट. लिब्रे ऑफिसमध्ये कॅल्क म्हणून एक भाग आहे, उभ्याआडव्या रेघांची वहीच जणू. अशी वही वैयक्तिक संगणकावर प्रथम आणली ती डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन ह्या दोघा अमेरिकन तरुणांनी, १९७९ साली. तिचे नाव व्हिजिकॅल्क. ब्रिकलिन हार्वर्डला शिकत असताना प्राध्यापक फळ्यावर हिशेब मांडीत. एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागे. ते पाहून त्याला ही कल्पना सुचली. एक चौकोन बदलला की बाकीचे आपोआप बदलतात, हीच ह्या वहीची सारी जादू.

त्या वेळी मासेमारीबंदी असल्याने वडील घरीच जाळी दुरुस्त करीत होते. वयाच्या पंधराव्या वर्षापासून ते दर्यावर आहेत. अलीकडे मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर जीपीएस आले, मासे दाखवणारे यंत्र आले. तांडेल आता पडद्याकडे बघतो आणि वडिलांना फारसे कोणी काही विचारीत नाही. मी विचारले, "बाबा, भरतीची वेळ कशी काढायची?"

"तिथीची पाऊणपट," जाळ्यातून मान वर न काढता ते म्हणाले. "चौथीला तीन, अष्टमीला सहा, बारशीला नऊ."

कोकणात हे गणित पुष्कळांना पाठ असते. मी ते कॅल्कमध्ये घातले. पहिल्या रकान्यात तिथी, दुसऱ्यात तिथीला ०.७५ ने गुणून आलेले तास. पंधराही तिथी पापणी लवायच्या आत भरल्या! मग दोन्ही पक्ष जोडून आलेख काढला, तर सरळ चढत जाणाऱ्या रेषेत एकदम एक पायरी दिसली. रोज पाऊण तास पुढे जाणारे पाणी पौर्णिमेला सव्वाअकराला भरते आणि दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, पाऊण वाजता. म्हणजे एका दिवसात दीड तासाची उडी!

मी लॅपटॉप वडिलांपुढे धरला. ते बराच वेळ बघत राहिले. "पाडव्याला एवढ्या उशिरा नाय भरत पानी," ते म्हणाले. "पन पाडव्याला हिशेब करतोय कोन? डोल्यांनी बघायचं."

बाईंनी मला तिथीची व्याख्या काढायला सांगितली. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. तीनशेसाठ अंशांना चोवीस तास, तर बारा अंशांना अठ्ठेचाळीस मिनिटे. मी ०.७५ खोडून ०.८ घातले. पायरी नाहीशी झाली, रेषा सलग झाली. (लोकमान्य टिळक १८५६ साली आपल्या ह्याच गावी जन्मले आणि पंचांगशोधनासाठी त्यांनी केवढा आग्रह धरला! तिथीचे गणित रत्नागिरीला परके नाही.)

अठ्ठेचाळीस मिनिटे हे ऐकताच वडिलांनी हातातली सुई खाली ठेवली. "दोन घटका," ते म्हणाले. "आमचा म्हातारा दर तिथीला दोन घटका धरायचा. पाऊणपट ही घड्यालवाल्यांची." चोवीस मिनिटांची एक घटका, दोनांची अठ्ठेचाळीस! आजोबांनी मनगटाला घड्याळ कधी बांधले नाही आणि ते शाळेतही गेले नव्हते. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते, त्यामुळे त्यांना विचारायचे राहिले.

एवढ्याने काम संपले नाही. मी नि वडील आठ दिवस छत्री घेऊन खाडीच्या पायरीवर बसलो. पाणी बहुतेक दिवशी हिशेबाच्या पाऊण-एक तास आधीच भरलेले असे. अष्टमीच्या आसपास तर हा फरकही बदलत राहिला. बाई म्हणाल्या, भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, म्हणून रत्नागिरीला पाणी मुंबईच्या आधी भरते. प्रत्येक बंदराची वेळ निराळी, आणि वाऱ्यापावसाने ती आणखी हलते. मी वर एक चौकोन केला, त्याला 'आमची खाडी' असे नाव दिले आणि त्यात वजा एक तास लिहिला. महिन्याचा अख्खा रकाना एका फटक्यात मागे सरकला. वडील मोठ्याने हसले. त्यांना असे हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिले.

मग त्यांनीच सांगितले, "ह्याचा एक कागद काढून दे. अक्षरं मोठी." खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो आणि पाणी चढल्याशिवाय होड्या बाहेर पडत नाहीत, त्यामुळे वेळ हवी असते ती सगळ्यांनाच. बंदी उठल्यावर तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी धक्क्यावर नेला. चारदोन जणांनी मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला. कोणी एकाने 'पाऊणपट का नाही?' म्हणून वाद घातला, तेव्हा वडिलांनी त्याला दोन घटकांचा सारा हिशेब समजावून दिला म्हणे. एका होडीवाल्याने पुढच्या महिन्याच्या कागदासाठी वीस रुपये देऊ केले. ते त्यांनी घेतले नाहीत.

आई म्हणाली, घ्यायला हवे होते. बचतगटाचा हप्ता दीड हजारांचा आहे आणि कौले अजून व्हायचीच आहेत.