आधीची फाइल कुणाची?

पार्सर लिहून देणाऱ्या ‘यॅक’ला ‘-डी’ दिलं की ते एक फाइल जास्त लिहितं: टोकनांच्या ‘डिफाइन’ ओळींची हेडर फाइल. अँग्युलरच्या ‘एनजी जनरेट’ला ‘-डी’ दिलं की ते एकही फाइल लिहीत नाही. काय लिहिलं असतं तेवढं सांगतं आणि थांबतं. तिथला डी ‘ड्राय-रन’चा.

कोड लिहून देणारी टूल्स बनवण्यात बरीच वर्षं घालवलेल्या प्रस्तुत लेखकाचे हे दोन डी फार लाडके. टीममधलं कुणी ‘एकाक्षरी ऑप्शन ठेवू, टाइप करायला बरा’ म्हणालं, की तो हेच उदाहरण काढतो. कमांड टाइप एकदाच होते. मग ती मेकफाइलमध्ये वर्षानुवर्षं मुक्काम करते आणि वाचायची पाळी येते भलत्याच माणसावर. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘--ड्राय-रन’ असं पुरतं लिहिलेलंच बरं.

पण नाव हा निम्माच प्रश्न. जनरेटरच्या बाबतीत खरी मेख असते ती कुठे लिहायचं आणि तिथे आधीच काही असलं तर काय करायचं, यात. १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी लिहिलेलं यॅक आपला पार्सर ‘वाय.टॅब.सी’ याच नावाने ठेवायचं. एका डिरेक्टरीत दोन व्याकरणं असली की दुसऱ्याने पहिल्याचा पार्सर पुसलाच! यॅकच्या वळणाच्या ‘बायसन’ने मूळ फाइलचं नाव पुढे चालवलं, ‘कॅल्क.वाय’पासून ‘कॅल्क.टॅब.सी’. तरी जुन्या मेकफाइल अडू नयेत म्हणून जुनी नावं देणारं ‘-वाय’ त्याने ठेवलंच.

लेखकाने स्वतः हा धडा महागात घेतला. त्याच्या पहिल्या टूलमध्ये जागा सांगितली नाही तर चालू डिरेक्टरीत लिहायचं, असं ठरलेलं होतं. एका सहकाऱ्याने ते प्रोजेक्टच्या मुळाशी उभं राहून चालवलं आणि हाताने लिहिलेली, अजून कमिट न केलेली त्याच नावाची फाइल गेली. सहकारी बिचारा स्वतःलाच दोष देत होता. खरं तर दोष त्याचा नव्हता.

रेल्सचा जनरेटर अशा वेळी विचारतो, आणि ‘डी’ दाबलं तर फरकही दाखवतो (हा तिसरा डी!). शिवाय ‘--फोर्स’, ‘--स्किप’, ‘--प्रिटेंड’ आहेतच. पण रात्री दोन वाजता बिल्ड सर्व्हरवर उत्तर द्यायला असतं कोण? तिथे टूलने चूक सांगून थांबावं. गो भाषेवाल्यांच्या जगात ‘कोड जनरेटेड’ने सुरू होऊन ‘डू नॉट एडिट’ने संपणारी ओळ फाइलच्या वरच्या भागात टाकायची रीत आहे. लेखकाचं टूल आता हीच ओळ शोधतं. ती नसेल तर फाइल माणसाची समजायची आणि ‘--फोर्स’शिवाय हात लावायचा नाही.

जागा सांगायची कशी, हाही प्रश्नच. ‘प्रोटोकॉल बफर्स’चा कोड लिहून देणाऱ्या ‘प्रोटॉक’मध्ये गोसाठी एके काळी ‘--गो_आउट=प्लगिन्स=जीआरपीसी:.’ लिहावं लागे. कोणतं प्लगिन, त्याची सेटिंग आणि फाइल ठेवायची जागा, सगळं एकाच गाठोड्यात. शेवटचं टिंब म्हणजे चालू डिरेक्टरी. पुढे जीआरपीसीचं काम ‘--गो-जीआरपीसी_आउट’कडे गेलं आणि सेटिंगसाठी ‘--गो_ऑप्ट’ची सोय झाली. आज जुनी कमांड चालवली तर नकार मिळतो, पण त्याच ओळीत नवा ऑप्शनही सांगितलेला असतो. लेखकाला तो नकार भलताच आवडतो.

त्याच्या टूलमध्ये ‘--आउट-डिर’ होतं. पायथनचं ‘आर्गपार्स’ लांब नावांची आखूड रूपं आपणहून स्वीकारतं, त्यामुळे लोक नुसतं ‘--आउट’ लिहू लागले. याला पत्ताच नाही. मग याने ‘--आउट-फॉरमॅट’ आणलं, तसं ‘--आउट’ संदिग्ध ठरलं आणि चालती बिल्ड्स अडली. आखूड रूपं बंद करायला पायथन ३.५पासून ‘अलाउ_अब्रेव्ह’ आहे. ते त्याने लगेच लावलं. ‘--आउट’ मात्र स्वतंत्र ऑप्शन म्हणून ठेवावं लागलं. मदतीच्या यादीत ते दिसत नाही, चालतं मात्र अजून.