वाक्काचा राग आणि रिक्कूची भाषा

जपानी रोल-प्लेइंग गेम म्हटलं की तलवारी, राक्षस आणि रंगीत केसांची पोरं, असा अनेकांचा समज असतो. तो अगदीच चुकीचा नाही. पण स्क्वेअर कंपनीचा २००१ साली प्लेस्टेशन टूवर आलेला 'फायनल फँटसी टेन' मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. एखादा भला माणूस दुसऱ्या जमातीचा द्वेष कसा करतो, हे त्यात फार नेमकं दाखवलंय. तो द्वेष सुटतो कसा, हे दाखवताना मात्र गेमने सोपी वाट धरलीय.

गोष्ट स्पायरा नावाच्या जगातली. तिथे 'सिन' नावाचं अजस्र संकट गावंच्या गावं उद्ध्वस्त करतं. येवॉन धर्म सांगतो की पूर्वजांनी यंत्रांचा हव्यास धरला, त्याची ही शिक्षा. प्रायश्चित्त पूर्ण झालं की सिन जाईल. पण अल भेद नावाची जमात यंत्रं सोडत नाही. त्यांची भाषा निराळी, हिरव्या डोळ्यांतली बाहुली भोवऱ्याच्या आकाराची. संकट आलं की बोट त्यांच्याकडे वळतं.

सिनला संपवायला निघालेल्या युनाच्या रक्षकांपैकी वाक्का हा सगळ्यात दिलदार. कुठून आला हे माहीत नसलेल्या टायडसला तो गावात आसरा देतो, स्वतःच्या धाकट्या भावाला दिलेली तलवार त्याच्या हाती ठेवतो. तो भाऊ सिनशी लढताना मेला. वाक्काची तलवार मागे ठेवून त्याने अल भेदांचं यंत्र वापरलं होतं. वाक्काच्या दुःखाला दोषी कुणीतरी हवा होता आणि धर्माने तो आधीच दाखवून ठेवला होता.

पुढे रिक्कू नावाची मुलगी सोबत येते. तिचे डोळे बघून ऑरॉन ओळखतो, पण बोलत नाही. वाक्का तिच्याशी हसतखेळत वाट चालतो. मग एका गोठलेल्या तलावावर ती आपल्या भावाला अल भेद भाषेत उत्तर देते आणि वाक्काचा सूरच बदलतो. मुलगी तीच, सोबतही तीच. तासभर मराठीत छान गप्पा मारून झाल्यावर माझं नाव कळताच 'अहो, पण तुम्ही वाटत नाही!' म्हणणारी माणसं मला पुष्कळ भेटलीत. त्यामुळे हा प्रसंग कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

खेळ म्हणूनही तो चांगला आहे. लढाईत घाई नाही, पुढची पाळी कुणाची ते पडद्यावर दिसतं. सात जणांपैकी तिघं मैदानात असतात आणि लढाई चालू असतानाच बदलता येतात. उडत्या शत्रूवर वाक्काचा चेंडू चालतो, कठीण कवचाच्या शत्रूवर ऑरॉनची तलवार. समोर यंत्र आलं की रिक्कू त्याचा एखादा भाग चोरून ते निकामी करते. ज्या कसबामुळे तिची जमात बदनाम, तेच सगळ्यांना वाचवतं.

उणिवाही आहेत. बराच काळ आपण एका अरुंद पट्ट्यातून सरळ चालत राहतो. थोडी पावलं टाकली की न दिसणारे शत्रू लढायला बोलावतात. मूळ आवृत्तीत संवाद पुढे ढकलता येत नाहीत, त्यामुळे मोठी लढाई हरलात की तेच भाषण पुन्हा ऐका. लुलूच्या खास हत्याराची पूर्ण ताकद मिळवायला सलग २०० विजा चुकवायच्या! याला खेळ म्हणावं की सक्तमजुरी?

मी दोन भाषा शिकवते, म्हणून माझी मोठी तक्रार भाषेबद्दल आहे. गेममध्ये अल भेद भाषेची २६ पुस्तकं विखुरलेली आहेत. एक सापडलं की एक अक्षर उलगडतं. अल भेदांचं 'होम' हे ठिकाण नष्ट होतं आणि तिथली पुस्तकं आधी उचलली नसतील तर कायमची जातात. गाव गेलं की अक्षरंही गेली. ही कल्पना मला फार आवडली. पण ही 'भाषा' म्हणजे नुसती अक्षरांची अदलाबदल. इंग्रजी आवृत्तीत 'ए'च्या जागी 'वाय', 'बी'च्या जागी 'पी'. उर्दूतला 'लिहाज' मराठीत आणायचा तर आदर, भीड, मुरवत असे सगळे शब्द चाचपावे लागतात, आणि त्या चाचपडण्यातच दुसऱ्या समाजाची ओळख सुरू होते. अल भेदांकडे असा एकही शब्द नाही. किल्ली मिळाली की ते हुबेहूब इतरांसारखे निघतात. ऐकायला हे गोड वाटतं, पण वेगळेपण मान्य करायची वेळच येत नाही.

शेवटाचंही तेच. पवित्र बेव्हेल नगरीत यंत्रं सापडतात, मठाच्या सैनिकांच्या हातात बंदुका दिसतात. देऊळ खोटं ठरत जातं, तसा वाक्काचा राग विरत जातो. म्हणजे अल भेद खरे ठरले म्हणून आपले झाले. ते चुकीचे ठरले असते तर? शिवाय श्रद्धा गेल्यावरच द्वेष जातो, असंही गेम नकळत सुचवतो. मी पाच वक्त नमाज पढणारी बाई आहे. शेजाऱ्यावर माया करायला मला आधी माझा मुसल्ला गुंडाळून ठेवावा लागत नाही.

तरीही गेम जरूर खेळा, मुलांबरोबर खेळा. वाक्का येवॉनची प्रार्थना करता करताच रिक्कूला 'तू आमचीच' म्हणाला असता, तर तो मला आणखी मोठा वाटला असता.