स्वाक्षरीपलीकडची ठेव

लातूरहून रात्री निघालेली गाडी कुर्डुवाडी-दौंडमार्गे पहाटे पुण्यास पोहोचते. नांदेड-लातूरकडील ज्या रसिकास नटनट्यांच्या स्वाक्षऱ्या जमविण्याचा छंद आहे, त्याने तेथील लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय अवश्य पाहावे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची घडी बसविणारे पी. के. नायर बालपणी सिनेमाची तिकिटे आणि नटनट्यांची चित्रे असलेली वजनयंत्राची तिकिटे जमवीत. त्याच छंदातून पुढे दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) सारख्या मूकपटांचे जतन झाले. भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले. आज मोजकेच उरले आहेत. स्वाक्षरी एका रसिकाची. जपलेली फीत मात्र पुढील पिढ्यांची ठेव. मराठवाड्यातील बंद चित्रगृहांच्या अडगळीतील जुनी भित्तिपत्रके, फिती रद्दीत जाऊ नयेत.