निरागसता कोणाची?

हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) या कादंबरीविषयी बोलताना आपण प्राध्यापक मंडळी 'निरागसतेचा अंत' हे शब्द सवयीने वापरतो. निरपराध, कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सन दोषी ठरतो आणि त्याच्या गोऱ्या वकिलाचा मुलगा जेम रडतो. या प्रसंगापाशी मला हटकून अंबरनाथ आठवते.

१९७० च्या सुमारास ओमप्रकाश वाल्मीकी तेथील आयुध निर्माणीत प्रशिक्षणार्थी होते. 'जूठन' (१९९७) या हिंदी आत्मकथनात ते सांगतात की, आडनावावरून त्यांना ब्राह्मण समजणाऱ्या एका मराठी कुटुंबातील मुलीला त्यांनी आपली जात सांगितली आणि ती रडू लागली. तिच्या घरी दलित पाहुण्याला वेगळ्या कपात चहा मिळे. ते तिला ठाऊक होते, खुपले मात्र नव्हते.

वाल्मीकींना तर लहानपणीच हेडमास्तरांनी वर्गाबाहेर काढून शाळेचे मैदान झाडायला लावले होते. गमावण्यासाठी निरागसता त्यांनी कोठून आणायची? दोन्हीकडे जग प्रथमच कळल्याचे रडू आहे ते अन्याय न सोसलेल्यांचे. म्हणून मी वर्गात आता एवढेच विचारतो : ही गोष्ट टॉमच्या मुलांनी सांगितली असती, तर तिच्या आरंभी निरागसता असती का?