उभ्या चित्राची उलटी गणितं

आज ‘पॅक-मॅन’ या व्हिडिओ गेमच्या जुन्या यंत्राचं मागचं दार काढून बसलो. समोर आरसा टेकवला. स्क्रू मागे, चित्र पुढे, दुसरा इलाज नाही. १९८० च्या या खेळात पिक्चर ट्यूब ९० अंशांत वळवून बसवलेली, त्यामुळे रुंदीची कॉइल फिरवली की चित्र उंच होतं आणि उंचीचा पॉट (फिरवून बदलायचा रोधक) फिरवला की रुंद! डोक्याला हे पटतं, हाताला पटत नाही. कॉइलचा गाभा प्लास्टिकच्या चावीनेच फिरवायचा. लोखंडी पान्याने चित्र आणखीनच बदलतं, शिवाय गाभा तडकतो. दुसरा हात खिशात, कारण ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही काही काळ रेंगाळतात.

चित्राच्या कडा लाटांसारख्या हलतात, त्यावर मात्र पॉट फिरवून उपयोग नाही. बहुधा वाळलेले कपॅसिटर. ते आधी बदलावेत, जुळवाजुळव नंतर. उलट क्रमाने करणाऱ्यांच्या उत्साहाचं मला नवलच वाटतं.

चक्रव्यूहाच्या रेषा काचेआडच्या फॉस्फरवर कायमच्या उमटल्यात. त्या जाणार नाहीत, आणि खरं तर जाऊही नयेत. लाल रंग अजून कमी पडतोय, खेळातलं गुलाबी भूत निळसर दिसतं. ते उद्या.