अजिंठ्याचीं बारा चित्रें

अजिंठ्याच्या लेण्यांचें वर्णन आजवर इतक्या अधिकारी लेखण्यांनीं केलें आहे कीं, मजसारख्या निवृत्त शाळामास्तरानें त्यांत भर घालण्याचें प्रयोजन काय, असें वाचकांस वाटणें स्वाभाविक आहे. लेण्यांतील कलेविषयीं बोलण्याचा अधिकार मला नाहीं, हें मी आधींच कबूल करतों. मला सांगावयाचें आहे तें दोन प्रवासांविषयीं. पहिला १९७६ च्या जानेवारींत घडला, दुसरा २०२४ च्या जानेवारींत. पहिल्यांत आमच्याबरोबर फिल्मचा कॅमेरा होता, दुसऱ्यांत डिजिटल. दोन्ही वेळां सोबत होती ती माझ्या वडील बंधूंची. घरांतील लहानथोर सारे त्यांस दादा म्हणतात. मजहून ते बारा वर्षांनीं मोठे.

आम्ही भुसावळचे. दादा रेल्वेंत कारकून होते. छायाचित्रांचा नाद त्यांना कोठून लागला देव जाणे. परंतु दोन वर्षांच्या पगारांतून शिल्लक टाकून त्यांनीं एक जुना यशिका कॅमेरा घेतला. एकावर एक अशीं दोन भिंगें असलेला, छातीशीं धरून वरून मान घालून पाहावयाचा. त्याच्या काचेंत डावें तें उजवें आणि उजवें तें डावें दिसे, त्यामुळें चालत्या माणसाचें चित्र घेतांना नवख्याची हटकून फजिती होई. फिल्म धुण्याचें काम घरींच चाले. आमच्या जुन्या वाड्यांत बाळंतिणीची एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. घरांतील शेवटचें बाळंतपण होऊन बरींच वर्षें लोटलीं होतीं, तेव्हां दादांनीं तेथें तांबडा दिवा टांगला व तीन थाळ्या मांडल्या. ज्या खोलींत आम्हां पांच भावंडांचा जन्म झाला, तींतच पुढें आमचीं चित्रेंहि जन्मास येऊं लागलीं. आईचा कटाक्ष एकच : हायपोच्या पाण्याचा हात स्वयंपाकघरांत येतां कामा नये. एकदां दादा तसेच ताक प्यावयास आले, तेव्हां तिनें त्यांस भर थंडींत पुन्हां स्नान करावयास लावलें होतें.

त्या जानेवारींत आम्ही दोघे जामनेर, पहूर करीत एस. टी. नें फर्दापुरास उतरलों. मी नुकताच मॅट्रिक होऊन संस्कृत पाठशाळेंत जाऊं लागलों होतों. दादांच्या खिशांत ओर्वोचा एक रोल होता. पूर्व जर्मनींत होणारी ही फिल्म त्या काळीं आपल्याकडे सर्रास मिळे. एका रोलांत चित्रें बारा. घरून निघण्यापूर्वींच वांटणी झाली होती : नऊ दादांचीं, तीन माझीं.

वाघोरा नदीनें डोंगराला जो घोड्याच्या नालासारखा वळसा घातला आहे, त्याच्या उभ्या कड्यांत सुमारें तीस लेणीं ओळीनें कोरलेलीं आहेत. नववें व दहावें हे चैत्य ख्रिस्तपूर्व काळांतले. पहिलें, दुसरें, सोळावें, सतरावें हीं चित्रांनीं भरलेलीं लेणीं वाकाटकांच्या वेळचीं, म्हणजे पांचव्या शतकांतलीं. १८१९ च्या एप्रिलांत जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज अधिकारी शिकारीस आला असतां त्याच्या दृष्टीस हीं लेणीं पडलीं आणि दहाव्या लेण्यांतील एका खांबावर त्यानें आपलें नांव व तारीख खरडून ठेविली. ही हौस पुढें आमच्या लोकांनींहि मनापासून उचलली, हें सांगावयास नकोच.

एकोणिसाव्या लेण्याच्या दर्शनी भागासमोर दादा अर्धा तास उभे राहिले. ऊन कमानींत नीट शिरेपर्यंत त्यांनीं कळ दाबली नाहीं. मी कंटाळून दरींत खडे भिरकावीत बसलों. आज वाटतें, त्या अर्ध्या तासांत दादांनीं ती कमान जशी पाहिली, तशी मीं कोणतीच वस्तु कधीं पाहिली नसेल.

परंतु अजिंठ्याचें सारें मर्म अंधारांत आहे. पहिल्या लेण्यांत गाभाऱ्याच्या डाव्या अंगास पद्मपाणि उभा आहे. हातांत नील कमल, मान किंचित् कललेली, दृष्टि खालीं. त्या काळीं आंत उजेड करावयाचा म्हणजे बाहेर उन्हांत एक मनुष्य आरसा धरी आणि आंत दुसरा पांढरें फडकें ताणी; त्या परतलेल्या उजेडांत भिंत हलके हलके उगवूं लागे. फ्लॅश आमच्यापाशीं नव्हता. रंगांस अपाय होऊं नये म्हणून आज तर त्याला सक्त मनाईच आहे. दादांनीं खांबाच्या पायथ्याशीं पंचाची घडी ठेवून तिजवर कॅमेरा टेकविला. रोलांतील शेवटचें, म्हणजे बारावें चित्र उरलें होतें. खरें तर तें माझ्या वांट्याचें. पण मींच तें दादांना देऊन टाकलें. घड्याळाचा सेकंदकांटा अंधारांत दिसेना, तेव्हां ते म्हणाले, "बाळ, रामरक्षेचा एक श्लोक संथ म्हण." अनुष्टुभाचीं बत्तीस अक्षरें माझ्या चालीनें आठ सेकंदांत संपत. मी म्हणूं लागलों, दादांनीं कळ दाबून धरली. आणि तिसऱ्या चरणाशीं बाहेरच्या मनुष्यानें दुसऱ्या एका मंडळीसाठीं आरसा वळविला.

घरीं येऊन फिल्म धुतली. बाराव्या चित्रांत एक खांदा, मुकुटाची कड, आणि बाकी सारा काळोख. दोष केवळ आरशाचा नव्हता. मंद उजेडांत जसजसा वेळ वाढवावा तसतशी फिल्मची ग्रहणशक्ति मंदावत जाते, असें दादांना नंतर एका पुस्तकांत आढळलें. आठ सेकंदांच्या जागीं वीस-पंचवीस द्यावयास हवे होते. "तीन श्लोक हवे होते, बाळ," एवढेंच ते म्हणाले. ती निगेटिव्ह त्यांनीं बटर पेपरांत गुंडाळून, वर शाईनें तारीख घालून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेविली. ती आजहि तेथें आहे.

पुढें बऱ्याच वर्षांनीं माझ्या वाचनांत आलें कीं, आमच्या ह्या प्रवासाच्या महिनाभर आधीं, १९७५ च्या डिसेंबरांत, अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन ह्या तरुण एंजिनिअरनें फिल्मवांचून चित्र घेणारा कॅमेरा सिद्ध केला होता. वजन सुमारें साडेतीन किलो. चित्र काळें-पांढरें, अवघ्या दहा हजार ठिपक्यांचें. आणि तें कॅसेटच्या फितीवर उतरावयास तेवीस सेकंद लागत. म्हणजे रामरक्षेचे जवळजवळ तीन श्लोक! फिल्म विकून मोठ्या झालेल्या त्याच कंपनीवर २०१२ सालीं दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी यावी, हा कालाचा महिमा.

आमच्याकडे हा बदल २००७ सालीं आला. यशिकाचा रोल भुसावळांत मिळेनासा झाला होता; मुंबईहून मागवावा लागे. अशांत दादांच्या थोरल्या मुलानें मला एक डिजिटल कॅमेरा आणून दिला. दादांना देण्याचें धैर्य त्याला झालें नाहीं. फिल्मच्या जागीं त्यांत सिलिकॉनची एक लहानशी चकती असते. तिजवर पडलेल्या प्रकाशाची वीज होते, विजेचे आंकडे होतात, आणि ते आंकडे म्हणजेच चित्र. थाळी नको, हायपो नको, अंधारी खोली नको. मी हरखून गेलों. दादांनीं तो हातांत घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलें, "ह्यांतील निगेटिव्ह कोठें असते?" नसते, असें सांगतांच त्यांनीं तो परत दिला.

आतां जें सांगावयाचें तें सुखाचें नाहीं. २००८ सालीं आईचें सहस्रचंद्रदर्शन झालें. दादा सकाळींच यशिका पुसून, रोल भरून तयार होते. मीं त्यांस म्हटलें, "दादा, आज तुम्ही आईजवळ बसा. चित्रें मी घेतों." त्यांनीं मुकाट्यानें यशिका कपाटांत ठेविला. मीं त्या दिवशीं तीनशेंहून अधिक चित्रें घेतलीं. आईला ओवाळणाऱ्या सुना, तिच्या मांडीवर चढणारीं पणतवंडें, हंसतांना तोंडाशीं पदर धरण्याची तिची संवय; सारें त्यांत होतें. संध्याकाळीं संगणकाच्या पडद्यावर घरांतील सर्वांनीं तीं पाहिलीं, वाखाणलीं. कागदावर केव्हांहि छापतां येतील, असें म्हणतां म्हणतां एकहि छापलें नाहीं. २०११ सालीं आई गेली. २०१३ सालीं संगणकाची तबकडी एका सकाळीं टकटक करूं लागली आणि दुपारपर्यंत गप्प झाली. दुरुस्ती करणारानें चार दिवस ठेवून घेऊन परत दिली. आंत ओरखडा पडला आहे, कांहीं निघणार नाहीं, म्हणाला. दुसरी प्रत मीं ठेविली नव्हती.

दादा मला एका शब्दानें बोलले नाहींत. त्यांनीं बोलावें अशी माझी फार इच्छा होती. त्यानंतर दहा वर्षें आमच्या दोघांत कॅमेऱ्याचा विषय म्हणून निघाला नाहीं.

तो निघाला एका कबरीपाशीं. भुसावळच्या जुन्या इंग्रजी दफनभूमींत मेजर रॉबर्ट गिल पुरलेला आहे. १८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृति करण्यास नेमलें. त्यानें त्यांत कित्येक वर्षें घातलीं. आणि लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ सालीं आग लागून त्यांतील बहुतेक प्रतिकृति जळाल्या. पुढें ग्रिफिथ्सनें मुंबईच्या चित्रशाळेचे विद्यार्थी नेऊन तें काम पुन्हां केलें, तर त्यांतीलहि पुष्कळ चित्रें १८८५ सालीं लंडनलाच आगींत गेलीं. गंमत अशी कीं, ह्याच गिलनें विरंगुळा म्हणून कॅमेऱ्यानें घेतलेलीं लेण्यांचीं चित्रें १८६४ सालीं पुस्तकांत निघालीं, आणि तीं मात्र राहिलीं. २०२३ च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळीं दादा आणि मी फिरत फिरत तिकडे गेलों असतां मीं त्यांना ही हकीकत सांगितली. ते कांहीं वेळ काठीवर हात टेकून उभे राहिले. "ह्याचीं एवढीं जळलीं, आणि हा येथें स्वस्थ झोंपला आहे," ते म्हणाले. मग परततांना म्हणाले, "तुझा तो कॅमेरा घे. पुन्हां एकदां अजिंठ्यास जाऊं."

आतां वाहनें लेण्यांपासून चारएक किलोमीटर अलीकडे, फांट्यावरच थांबवितात. तेथून निराळी बस. डोलीवाले पुढें झाले, परंतु अठ्ठ्याहत्तराव्या वर्षींहि दादांनीं त्यांस नकार दिला. चार पायऱ्या चढत आणि बसत. पहिल्या लेण्याशीं जोडे काढून आम्ही आंत गेलों. आरसेवाले नाहींत; त्यांच्या जागीं मंद विजेचे दिवे आहेत. पद्मपाणीसमोर मीं कॅमेरा उचलला तेव्हां दादांनीं हळूच विचारलें, "श्लोक म्हणूं का?" त्याची गरज पडली नाहीं. सेकंदाच्या पंधराव्या भागांत, नुसत्या हातावर धरून, काम झालें.

मीं कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढें धरला. मुकुटाचें नक्षीकाम, गळ्यांतील मोत्यांचा सर, कमलाचा देंठ धरलेलीं बोटें, मागच्या खडकांतील माकडें आणि मोर, सारें त्यांत होतें. निजामसरकारनें १९२० च्या सुमारास आणविलेल्या इटालियन कारागिरांनीं चित्रांवर लाखेचें रोगण दिलें, तें काळानें पिवळें पडलें. त्याची झांकहि दिसत होती. मीं चित्र मोठें करून पापणीची रेघ दाखविली. दादांच्या दोन्ही डोळ्यांचीं मोतीबिंदूचीं शस्त्रक्रिया झालेलीं आहेत. त्यांनीं तें जवळ घेऊन, दूर धरून, पुष्कळ वेळ पाहिलें. "माझ्या बाराव्यापेक्षां हें चांगलें आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हें ऐकण्यासाठीं मी सोळा वर्षें थांबलों होतों. मग त्यांनीं कॅमेरा माझ्या हातांत दिला. "पण बाळ, तूं भिंतीकडे पाहिलेंसच नाहींस."

खरें होतें. आंत आल्यापासून मी पडद्याकडेच पाहत होतों. कॅमेरा पिशवींत घालून मान वर केली, तोंच राखणदारानें पुढच्या मंडळीस जागा करून देण्यास सांगितलें.

संध्याकाळपर्यंत चित्रें झालीं दोनशें चौदा. फर्दापुरास मुक्कामाच्या खोलींत दादांनीं फर्मान काढलें : बारा निवडावयाचीं, तीं कागदावर छापून घ्यावयाचीं, आणि बाकीचीं तुला हवीं तेथें ठेव. (तीं मीं आतां तीन निरनिराळ्या ठिकाणीं ठेविलीं आहेत.) रात्रीं अकरा वाजेपर्यंत आम्ही वाद घालीत होतों. पद्मपाणि, पहिल्या लेण्याच्या छतावरचा धांवता हत्ती, सव्विसाव्यांतील महापरिनिर्वाण, सतराव्यांतील विश्वंतराच्या कथेचा भाग, असें करतां करतां अकरांवर एकमत झालें. बाराव्याच्या जागीं मला एक निराळेंच चित्र हवें आहे : दादा लेण्याच्या पायरीवर बसले आहेत, जोडे हातांत, आणि मान वळवून कड्याकडे पाहत आहेत. मीं तें त्यांच्या नकळत घेतलें. दादा म्हणतात, "अजिंठ्याच्या चित्रांत माझें काय काम? तेथें एकोणिसाव्याची कमान घाल."

अकरा चित्रें छापून आलीं. बटर पेपरांत गुंडाळून तीं दादांनीं त्याच पत्र्याच्या डब्यांत, त्या जुन्या काळोख्या निगेटिव्हशेजारीं ठेविलीं आहेत. बाराव्याचा निकाल अजून लागावयाचा आहे.