कानातले माग

इचलकरंजीतील एका यंत्रमाग कारखानदारांनी चाळीस वर्षांनंतर कारभार मुलाकडे सोपवला. घरी निवांतपणा लाभेल, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. रात्री दिवे मालवले की कानात रातकिड्यासारखा अखंड सूर लागे. त्यांनी शेजारच्या पंपाला दोष दिला. पंप बंद असतानाही सूर थांबेना.

डॉक्टरांनी कानातला मळ पाहिला, गोळ्यांची चौकशी केली. ॲस्पिरीनदेखील मोठ्या मात्रेत कान वाजवू शकते. अखेर श्रवणचाचणीत उंच पट्टीचे आवाज हरवलेले आढळले. गोंगाटाने नष्ट झालेल्या अंतर्कर्णातील केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. तिकडचे संदेश थांबले की मेंदू स्वतःच सूर निर्माण करतो, असे मानले जाते. जमा नसताना शिल्लक दाखवणारी ही खतावणीच म्हणायची!

दुसऱ्या दिवशी ते इअरप्लगचा डबा घेऊन कारखान्यात गेले. मुलगा हसला. एक जुना कामगार मात्र जवळ येऊन हलकेच म्हणाला, "मालक, माझ्याबी कानात रातीचं वाजतंय."